जोरात सांग वं

२ मार्च, रविवार

आज खोलीत पहिला दिवस. पलंगावर बसले. कोणी काही बोललं नाही. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. तरी कोणी काही बोललं नाही. शेवटी मीच म्हटलं, "बापरे!" आणि स्वतःच दचकले.

ही डायरी आमच्या क्लिनिकला एका औषध कंपनीने वाटली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक गुलाबी कान छापलेला आहे. मी धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करते. म्हणजे पेशंटला आवाजबंद केबिनमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचे आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. तेव्हा कान मला नवीन नाहीत. पण स्वतःचं काही लिहिताना कोपऱ्यातून कोणीतरी ऐकून राहिलं आहे, असं वाटतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहून ठेवते. मी घर सोडलेलं नाही. खापरखेड्याहून रोज स्कूटीने धंतोली, त्यात नागपूरचा उन्हाळा तोंडावर, म्हणून सक्करदऱ्यात खोली घेतली. इतकंच. घरीही हेच सांगितलं.

निघताना बाबा फाटकात उभे राहून शेजाऱ्यांना म्हणाले, "चला, खापरखेड्याची लोडशेडिंग संपली! आता नागपूरवाले भोगतील!" सगळे हसले. मी सगळ्यांच्या आधी हसले. आधी हसलं की लवकर संपतं, हे मी शाळेत असतानाच शिकले.

लोडशेडिंग म्हणजे मी. बाबा वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. लहानपणी लाईट गेली की मी रडायची, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. बाबा फार विनोदी आहेत. कोणाचं लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, माणसं म्हणतात, मनोहररावांना माईक द्या. आणि माईक मिळाला की बाबांना माझी आठवण येते.

तशी प्रेमाचीच गोष्ट आहे.

५ मार्च, बुधवार

घरमालकीण प्रयागबाई खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या उमरेडच्या, सत्तरीच्या, एकट्या. मुलगी रायपूरला दिलेली. कानाने कमी ऐकतात. म्हणजे दैवाने मला घरी आल्यावरही ड्यूटी लावली.

सकाळी जिन्यात विचारलं, "मावशी, नळ किती वाजता येतात?"

"काय?"

"नळ... किती वाजता..."

"जोरात सांग वं. मले ऐकू येत नाही."

माझा आवाज मुळात बारीक. घरी जरा वर गेला की बाबा म्हणतात, "व्होल्टेज वाढलं, फ्यूज उडन!" त्यामुळे तो आपोआप खाली येतो. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा अशी ओरडले की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री थांबवून म्हणाला, "सहा वाजता, मॅडम."

प्रयागबाई म्हणाल्या, "हां, आता कसं ऐकू आलं! सहा वाजता."

इस्त्रीवाल्याला सॉरी म्हटलं. मग प्रयागबाईंना. मग खोलीत येताना दार पायाला लागलं तर दारालाही.

९ मार्च, रविवार

प्रयागबाईंनी लोणच्याची बरणी धरायला दिली आणि माझ्या हातून ती फुटली. चिनी मातीची, जुनी. मी खाली बसून तुकडे गोळा करत राहिले आणि माझं तोंड चालूच. मी अशीच आहे, माझ्या हातात काही टिकत नाही, मी भरून देईन, मला कोणी काही द्यायलाच नको...

"काय म्हणून राहिली?"

"माझ्या हातात काही टिकत नाही!" मी ओरडले.

ओरडून म्हटल्यावर ते वाक्य फारच भैताड, खुळचट वाटलं. हळू म्हणताना इतकी वर्षं कधी वाटलं नव्हतं.

प्रयागबाई म्हणाल्या, "बरणीच व्हती वं. बैल त नाही मेला!" आणि जमिनीवरचं लोणचं बघून हळहळल्या. लोणच्याबद्दलच. माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. बाबांच्या बाबतीत गोष्ट लगेच संपत नाही, ती पुढच्या पाहुण्यापर्यंत टिकते. इथे संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा मी जिन्यात कान देऊन उभी होते. विषय निघाला, पण लोणच्याचा. तिखट कोणतं वापरायचं, उमरेडचं की भिवापूरचं.

कान देऊन उभं राहणं वाईटच. पण सवय आहे.

१६ मार्च, रविवार

भिंत रंगवायची ठरवली. खोलीला चुना आहे, तो अंगाला लागतो. म्हटलं, निदान पलंगाजवळची एक भिंत आपली हवी.

दुकानदाराने कलरचं कार्ड पुढे केलं आणि विचारलं, "कोणता देऊ?" मी म्हटलं, "कोणता चांगला?" तो म्हणाला, "तुम्हाले आवडन तो." आता हे काय उत्तर झालं? मी कार्ड उलटंपालटं करत राहिले. घरी कपडे घेताना मी आधी आईकडे बघते, आई बाबांकडे बघते, बाबा म्हणतात, "हा घे, यात जरा कमी काळी दिसशील," की झालं. इथे बघायला कोणी नव्हतं. दुकानदाराच्या मागे लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. तिच्याकडे बघितलं, तीही काही बोलेना. शेवटी मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "ताई, लवकर करा ना," आणि मी घाबरून एका चौकोनावर बोट ठेवलं.

पोपटी निघाला.

कार्डावर चौकोन नखाएवढा होता. भिंतीवर तो भिंतीएवढा झाला. दुपारभर स्टुलावर चढून ब्रश मारला. पूर्ण झाल्यावर मागे सरकून पाहिलं आणि ब्रश पाठीमागे लपवला. प्रयागबाई आवाज ऐकून वर आल्या (स्टूल सरकल्याचा आवाज त्यांना कसा गेला कोण जाणे. काही फ्रिक्वेन्सी शाबूत असतात).

"अव माय! भिंत हाय का रावा?"

रावा म्हणजे पोपट. आलं नवीन नाव, म्हटलं. मी लगेच हसायला सुरुवात केली. पण त्या हसल्याच नाहीत, भिंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुले आवडला का?"

मी पुटपुटले, "ठीक आहे..."

"जोरात सांग वं."

"आवडला!" मी ओरडले. "खूप आवडला!"

हे मी ऐकलं तेव्हाच मला कळलं. इस्त्रीवाल्यालाही कळलं असणार.

प्रयागबाईंनी खाली जाऊन एक जुनं हातमागाचं लुगडं आणलं, पिवळ्या काठाचं, खिडकीला लावायला. म्हणाल्या, राव्यासोबत पेरू पाहिजे.

२१ मार्च, शुक्रवार

आज प्रीती खोली बघायला आली. प्रीती म्हणजे आमच्या क्लिनिकची रिसेप्शनिस्ट. आलूबोंडे घेऊन आली, पोपटी भिंत बघून किंचाळली आणि पलंगावर मांडी घालून बसली. मग म्हणाली, "अपेक्षा, तू त्या जेवणामुळेच घर सोडलं ना?"

मी म्हटलं, "मी घर सोडलेलं नाही."

आता ती गेल्यावर लिहिते. जानेवारीत मला सीनियर केलं, म्हणून बाबांनी क्लिनिकच्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. कोणते वडील करतात एवढं? सावजी मटण, भाकऱ्या, सगळं. आणि जेवणं झाल्यावर बाबा उभे राहिले. माझी दहावीची गोष्ट सांगितली, मला बघायला आलेल्या मुलाची सांगितली, मी बाथरूममध्ये कोंडून घेतलं होतं ती सांगितली. डॉक्टरांच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. मीही हसले, सगळ्यांच्या आधी. सोमवारी क्लिनिकमध्ये कंपाउंडर म्हणाला, "लोडशेडिंग मॅडम, पेशंट आला."

त्यात काय एवढं? पण मी केबिनमध्ये गेले, जड दार लावून घेतलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. त्या केबिनमध्ये बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नंतर मी डबाही तिथेच खायला लागले. हेडफोन लावून. प्रीतीने एकदा काचेतून पाहिलं आणि तिने या खोलीचा पत्ता आणला.

आज जाताना ती म्हणाली, "त्या दिवशी मीपण हसले गं. सॉरी."

मी म्हटलं, "अगं, विनोदच होता तो."

ती आता हसली नाही. प्रीतीला कधीकधी विनोद कळत नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

महत्प्रयासाने प्रयागबाईंना क्लिनिकला नेलं. कान तपासून मशीन लावून द्यायचं माझ्या मनात होतं. केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावले, बटण हातात दिलं. हळू आवाज, बटण नाही. मोठा आवाज, बटण नाही. मी आवाज इतका वाढवला की दगडानेही बटण दाबलं असतं. त्या शांतपणे पंख्याकडे बघत बसल्या.

हेडफोन काढला तर म्हणाल्या, "ते बाहेरची पोट्टी फोनवर कोनासंग भांडून राहिली?"

दार थोडं उघडं होतं खरं. पण प्रीती पार पलीकडच्या काउंटरवर, आणि भांडतही कुजबुजत होती. असा ऑडिओग्राम मी नोकरीत पाहिला नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून हसले आणि म्हणाले, "यांना मशीनची गरज नाही." मला वाटतं, केस हाताबाहेर गेली आहे असं त्यांना म्हणायचं होतं. बिचाऱ्या प्रयागबाई.

४ एप्रिल, शुक्रवार

विशेष काही नाही. कढी केली. फुटली. खाल्ली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी नव्हतं, आणि मग लक्षात आलं की कढी फुटली यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

१३ एप्रिल, रविवार

घाईत लिहिते आहे, अक्षर कसंही येईल.

उद्या जयंती. बाबा, आई आणि अंकुश, म्हणजे माझा धाकटा भाऊ, दीक्षाभूमीला आले होते. तिथून न कळवता इकडे आले. मी कोथिंबिरीची सांभारवडी तळत होते. दार उघडंच होतं. बाबा आत येऊन भिंतीसमोर उभे राहिले.

"बापरे! हे कोणत्या आजारात होते?"

अंकुश हसला. मी हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. तेवढ्यात प्रयागबाई पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. नवीन माणूस दिसलं की बाबांची कळी खुलते. पलंगावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "काय बाई, या महिन्यात वीजबिल कमी आलं असन तुमचं."

"काय म्हणता?"

"वीजबिल! कमी आलं असन!"

"काहून?"

"आमची लोडशेडिंग तुमच्याइथं राहून राहिली ना!"

अंकुश खो खो हसला. प्रयागबाईंनी कानाला हात लावला. "जोरात सांगा जी. मले ऐकू येत नाही."

"लोडशेडिंग!"

"नाही जी, आता नाही होत. दिवसभर असते लाईट."

"तसं नाही! पोरीचं नाव आहे! आमच्या पोरीचं!"

"पोरीचं नाव त अपेक्षा हाय ना?"

"हो, पण आम्ही लाडानं म्हणतो! लोडशेडिंग!"

"काहून?"

बाबांना ओरडायची सवय नाही. त्यांचे विनोद ऐकायला माणसं आधीच गप्प होतात, त्यांना कधी आवाज वाढवावा लागत नाही. त्यांच्या मानेची शीर फुगली. "लहानपणी लाईट गेली की रडायची! म्हणून!"

"लहान लेकरू अंधारात रडन नाही त काय भजन म्हणन?" प्रयागबाई म्हणाल्या. "आता किती वर्षांची हाय?"

"छत्तीस!"

"आता रडते का?"

"नाही! अहो, मजाक आहे ती!"

"काय हाय?"

"मजाक! मजाक! हसाले!"

"कोन हसते?"

बाबा थांबले. अंकुश थांबलाच होता. कढईत वडी जळत होती. मला इतकी लाज वाटली! मी कानाचं काम करणारी बाई, आणि माझ्याच घरमालकिणीच्या कानामुळे माझ्या वडिलांची अशी फजिती. मशीन आधीच लावून द्यायला हवं होतं. हे थांबवावं म्हणून मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, "चहा घ्या."

तोंडातून आलं, "बाबा, मला ते नाव नको."

आणि आवाज कोणता लागला? प्रयागबाईंशी बोलायचा. सहा आठवड्यांचा सराव. गल्लीत कोणाच्या तरी सायकलीला ब्रेक लागला.

बाबा म्हणाले, "ऐकू येते मले. बहिरा नाही मी."

मग ते उठले. "मजाक समजत नाही हिले. कधीच नाही समजली," म्हणाले आणि जिना उतरले. अंकुश माझ्याकडे असं बघत गेला, जसं मी काहीतरी फोडलं आहे. आई सगळ्यांच्या शेवटी. दारातून वळून तिने पोपटी भिंतीला एक बोट लावून पाहिलं, ओली आहे का बघावं तसं. रंग लावून महिना झाला होता.

प्रयागबाई गॅस बंद करून म्हणाल्या, "एका बाजूनं जळाल्या, दुसऱ्या बाजूनं खाऊ." आम्ही खाल्ल्या.

१९ एप्रिल, शनिवार

अंकुशचा फोन. बाबा जेवत नाहीत. बीपी वाढलं. विहारात सगळे विचारतात, मनोहरराव गप्प का. "एवढंसं बोलणं तुला लागतं, आणि तू त्यांना केवढं बोललीस?"

मी म्हटलं, "मी फक्त नाव नको म्हटलं."

तो म्हणाला, "ओरडून!"

खरं आहे. ओरडून.

बाबांनी मला सायकल शिकवली. कॉलनीच्या रस्त्यावर मागून धरून धावायचे, सोडायचे नाहीत, मी पडू नये म्हणून. मी शेवटी पडले तेव्हा त्यांनी गुडघा धुतला, फुंकर घातली. आणि संध्याकाळी क्लबमध्ये ती पडण्याची गोष्ट सांगितली. दोन्ही बाबाच होते. मला कोणत्या बाबांची माफी मागायची, ते ठरत नाही आहे.

२७ एप्रिल, रविवार

आज माफी मागायला खापरखेड्याला निघाले.

नीट तयारी केली. बाबांना आवडते म्हणून संत्रा बर्फी घेतली. वाक्य पाठ केलं: "बाबा, चुकलं माझं." स्कूटीवर मोठ्याने म्हणून पाहिलं. सिग्नलला शेजारचा ऑटोवाला म्हणाला, "काय चुकलं, ताई?" मी विचार करायला लागले. हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, मी विचारच करत होते.

कोराडी रोडला रसवंतीवर थांबले. ऊन मरणाचं. रस प्यायले. वाक्य पुन्हा म्हटलं. अजून एक रस प्यायले. दूर वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसत होता आणि माझ्या मानेत, घरी असताना रोज यायची ती कळ यायला लागली. ती कळ गेले कित्येक दिवस नव्हती, हे तिथे रसवंतीवर कळलं. आल्याची फोड चघळत मी बसून राहिले. मग स्कूटी वळवली.

बर्फी अर्धी प्रयागबाईंना, अर्धी मी. जाऊन आले असं कोणालाच सांगता येणार नाही, कारण गेलेच नाही. माणूस म्हणून मी बहुतेक वाईट आहे. पण झोप छान लागली, भर दुपारी, कूलर लावून.

३ मे, शनिवार

क्लिनिकमध्ये एक आजोबा आले होते. आवाज आला की बटण दाबा सांगितलं, तर त्यांनी बटण दाबून धरूनच ठेवलं. म्हटलं, "आजोबा, सतत का दाबता?" म्हणाले, "मले सततच आवाज येते. घरी बायको हाय."

मी हसले. म्हणजे आधी आजोबा बोलले आणि मग मी हसले, आणि मला ते थांबवता येईना. शेवटी शेवटी घोडा फुरफुरावा तसा आवाज निघाला. प्रीती धावत आली, काही मशीन बिघडलं की काय म्हणून.

"तू अशी हसतेस?" ती म्हणाली.

"वाटतं," मी म्हटलं. मलाही नवीनच होतं.

कंपाउंडर मला आता अपेक्षा मॅडम म्हणतो. कधीपासून ते लक्षात नाही. प्रीतीला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत?" आणि फार मन लावून अपॉइंटमेंटचं रजिस्टर वाचायला लागली.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. क्लिनिकला सुट्टी. सकाळी वंदना घेऊन आले, तर आई जिन्यात बसलेली. एकटी. मांडीवर खिरीचा डबा. खापरखेड्याहून बसने आली होती. आई एकटी बसने कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

"बाबांना काय सांगितलंस?"

"विहारात जाते म्हटलं."

"विहार तर घरासमोर आहे."

"हो ना," आई म्हणाली. "उशीर होईल थोडा."

मी खीर वाटीत काढेपर्यंत ती पलंगावर टेकली आणि म्हणाली, "जरा पडू का गं?" पडली ती झोपलीच. पोपटी भिंतीकडे तोंड करून, तोंड उघडं टाकून. घरी आई दुपारी झोपत नाही. बाबांना केव्हा चहा लागेल सांगता येत नाही. मी दोनदा तिचा श्वास बघून आले. पिवळ्या लुगड्यातून ऊन तिच्या पायांवर येत होतं, ते सरकत सरकत भिंतीवर गेलं, तरी ती झोपलेली.

उठल्यावर खीर खाताना म्हणाली, "परत सुरू झालं, अपेक्षा."

"काय?"

"झिरो बल्ब."

मला कळेना. आई वाटीत बघूनच बोलत होती. "तुझ्या आधी मलाच म्हणायचे. चार माणसं जमली की. आमची गोपिका म्हणजे झिरो बल्ब, जळते पण उजेड पडत नाही. मग तू झालीस. रडायचीस. मग ते तुला म्हणायला लागले, आणि माझं सुटलं." तिने वाटीत चमचा फिरवला. "मला बरं वाटलं होतं गं. तू एवढीशी होतीस, आणि मला बरं वाटलं होतं."

ती अगदी हळू बोलली. मी एकदाही "काय?" म्हटलं नाही.

"जाऊ दे आई" असंही म्हटलं नाही. ते तोंडाशी आलं होतं. मी उठले आणि धुतलेलंच पातेलं परत धुतलं, खूप घासून. राग आला होता, हे लिहून ठेवते. इतकी वर्षं मला वाटायचं, ती पदराआड हसते. पदराआड काय चालायचं, ते मी कधी बघितलंच नाही. राग तिचा, की त्या पातेल्याचा, की छत्तीस वर्षांचा, कळलं नाही. पातेलं लखलखीत झालं.

मागून आई म्हणाली, "रविवारी परत येऊ का?"

मला हो म्हणायचं होतं आणि नाहीही. आत्ता कुठे ही खोली माझी व्हायला लागली होती. हातात पातेलं धरून मी म्हटलं, "ये. पण फोन करून ये."

आईने मान डोलावली. डबा घेतला आणि गेली. खालून प्रयागबाईंचा आवाज आला, "गोपिकाबाई, चहा घेऊन जा!" आणि आईचा, "नको, उशीर झाला." आईचं नाव मी प्रयागबाईंना कधी सांगितल्याचं आठवत नाही.

१५ मे, गुरुवार

आईला फोन करून ये म्हणणारी मुलगी मी पाहिलेली नाही. आता मीच झाले. सख्ख्या आईला! जशी ती वीजमीटर बघायला येणारी आहे. प्रीतीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर केलंस." तिला सगळंच बरोबर वाटतं. मला आईचा चेहरा आठवतो, आणि मी दिसेल ते पातेलं घासते. सगळी भांडी झाली. प्रयागबाईंचीही दोन आणली.

ती येणार नाही. आमच्या घरात येताना कोणी विचारत नाही, आणि विचारावं लागलं की येत नाही.

१८ मे, रविवार

सकाळपासून फोन हातात. दोनदा मीच करायला घेतला आणि ठेवून दिला. अकरा वाजेपर्यंत मनाशी ठरवून टाकलं की आता येत नाही. पोळ्यांची कणीक तरी दोघींची भिजवली, उरली तर उरली. आणि फोन वाजला.

"अपेक्षा, मी बोलून राहिले. आई."

"हं, बोल."

"येऊ का?"

मागे कुठलातरी प्रेशर कुकर शिट्टी देत होता. तीच शिट्टी मला खिडकीतूनही ऐकू आली.

"आई, तू कुठून बोलतेस?"

"खालून. फाटकातून."

मी पडदा सरकवला. आई भर उन्हात उभी, डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. माझ्या खिडकीकडे तिने पाठ केली होती.

"अगं, मग ये ना वर! उन्हात काय उभी राहिलीस?"

"तू म्हटलं होतंस ना, फोन करून ये."

"हो, पण..."

"मग तू आधी हो म्हण."

मी खिडकीत उभी होते, हात कणकेने भरलेले, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. तिला घाई नव्हती. ती अशी थांबली होती, की मी नाही म्हटलं असतं तर परतही गेली असती, पुढच्या बसने, रागावल्याशिवाय.

"हो," मी म्हटलं. "ये."

"बरं," आई म्हणाली. "येते मग. भाजी काय केलीस?"

"वांगी. तू काय आणलंस?"

"तुला कशाला आत्ताच सांगू?"

फोन कानाला तसाच धरून ती जिना चढायला लागली. ती दारात येऊन समोर उभी राहिली, तरी आम्ही फोनवरच बोलत होतो.